'भाऊ' म्हणून वाढवलं म्हणून असं झालं का?

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून गोषवारा देत आहे.)

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका गावातून एका आईनं लिहिलंय. कोरडवाहू कपाशीची शेती, घरात सासू-सासरे, दोन मुली. दुसऱ्या खेपेला मुलगा होईल अशी सगळ्यांची आशा होती. मुलगी झाली, पण घरानं हौस भागवून घेतली. केस बारीक, अंगात शर्ट-पॅन्ट, हाक 'भाऊ', आणि आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, 'हाऊ मना वाघ शे' (हा माझा वाघ आहे). थोरली गुलाबाईची गाणी म्हणायला आळीत जायची, धाकटी बॅट घेऊन पटांगणावर.

बाराव्या वर्षी पाळी आली आणि सगळं बदललं. पटांगण बंद, सायकल बंद, केस वाढवायचे, चार दिवस बाजूला बसायचं, 'भाऊ' म्हणायचं नाही. आता ती १४ वर्षांची आहे, नववीत. वर्षभरापूर्वी न्हाव्याकडे जाऊन परस्पर केस कापून आली. छातीला क्रेप बँडेज बांधून शाळेत जाते. पाळीच्या दिवसांत शाळा बुडते, जेवण सुटतं. 'मी जाते' म्हणायचं सोडून 'मी जातो' म्हणते. दिवाळीनंतर थोरलीला म्हणाली, 'ताई, मी मुलगी नाहीये.' आणि परवा वहीच्या मागच्या पानावर आईला सापडलं: 'असं जगण्यापेक्षा नसलेलं बरं.'

वडिलांच्या मते हे मोबाइलचं काम. मोबाइल काढून घेतलाय. सासूबाई भगताकडे नेऊन आल्या. आईनं कानबाईला नवस बोललाय. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी 'मुलीपण यायला' हार्मोनच्या इंजेक्शनांचा कोर्स सुचवला. जेठ म्हणतात, अठराची झाली की लग्न लावून देऊ, संसारात पडली की ताळ्यावर येईल. वैशाखात जेठांच्या मुलाचं लग्न आहे आणि धाकटीनं घागरा घालून करवली व्हावं असा सगळ्यांचा हट्ट आहे. 'घागरा घालायचा असेल तर मी येणारच नाही,' असं तिनं सांगून टाकलंय.

आई विचारतात: हा आजार आहे का? आम्ही मुलासारखं वाढवलं म्हणून झालं का? वय गेलं की जाईल का? आणि हे बरं करणारा डॉक्टर कुठे मिळेल?

*

ताई,

तुमच्या चार प्रश्नांआधी, तुम्ही न विचारलेल्या पाचव्याबद्दल बोलते. वहीच्या मागच्या पानावरचं वाक्य.

ते वाचून तुम्ही वही होती तशी ठेवून दिलीत. विषय काढला तर डोक्यात नसलेलं भरेल, अशी भीती वाटली म्हणून. ही भीती खूप आईबापांना वाटते, आणि ती खरी नाही. मरणाबद्दल सरळ विचारल्यानं मरणाचा विचार रुजत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं जे सोसलं, ते कुणाला तरी कळलंय एवढ्यानंच मुलं सैलावतात. आज रात्री भांडी आटोपली की दोघंच गच्चीवर बसा आणि विचारा: 'वहीतलं वाचलं मी. मरून जावं असं वाटतं का? रोज वाटतं का कधीतरी? कसं करायचं ते काही ठरवलंयस का?' रागावू नका. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. फक्त 'माझी शपथ आहे' म्हणू नका, कारण शपथ घातली की मूल पुढच्या वेळी सांगतच नाही.

उत्तर काहीही येवो, फवारणीचं औषध आजच कुलपात घाला आणि किल्ली तुमच्या कमरेला ठेवा. कपाशीच्या घरांत उरलेली बाटली पडवीत किंवा गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. उंदराचं औषध आणि आजोबांच्या बीपीच्या गोळ्याही त्याच कुलपात. 'हो, ठरवलंय' असं उत्तर आलं, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतून. लेकरानं स्वतः फोन केला तरी चालतो.

तुम्ही पत्रात 'ती' लिहिता, लेकरू स्वतःला 'तो' म्हणवतं. मी त्याच्याशी अजून एक शब्द बोललेले नाही, म्हणून इथे नुसतं लेकरू म्हणते.

आता तुमचे प्रश्न. हा आजार आहे का? नाही. पण समोर मूल झुरतंय, ताट सरकवून उठतंय, आणि 'आजार नाही' हे ऐकून तुमचं पोट भरणार नाही, हेही मला दिसतंय.

मानसोपचारालाही हे नीट सांगता यायला बराच वेळ लागला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा जो निदानग्रंथ जगभर वापरतात, त्यात १९८० साली लहान मुलांच्या 'लिंगओळखीच्या विकृती'ला पहिल्यांदा जागा मिळाली. १९९४ च्या आवृत्तीत निकष असे होते की 'मला मुलगा व्हायचंय' असं मूल एकदाही म्हणालं नाही, तरी मुलांचे कपडे, मुलांचे खेळ आणि मुलांशीच दोस्ती एवढ्यावर निदान बसू शकायचं. त्या हिशेबानं खानदेशातल्या झाडावर चढणाऱ्या पोरींचे केसपेपर काढावे लागले असते. २०१३ साली 'विकृती' हा शब्द गेला आणि त्या जागी 'जेंडर डिस्फोरिया' आला. जन्माच्या वेळी लोकांनी सांगितलेलं लिंग आणि स्वतःची आतली जाणीव यांचा मेळ न बसल्यानं होणारा त्रास, असा त्याचा अर्थ. निदान होतं ते त्रासाचं. आपण कोण आहोत ही जाणीव हा रोग मानलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणखी पुढे गेली. तिच्या नव्या यादीत, जी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलाय. वागणं किंवा आवडीनिवडी वेगळ्या आहेत एवढ्यावरून निदान करू नये, असंही तिथे लिहिलंय. मग यादीत ठेवलंच कशाला, असा वाद होतोच. पण नोंदच नसेल तर ज्याला मदत हवी त्याला दवाखान्यात उभं कोण करणार?

तुमच्या लेकराच्या वयात डॉक्टर काय पाहतात, तर छाती, पाळी या वयात आलेल्या खुणा नकोशा वाटणं, त्या नसाव्यात अशी तीव्र इच्छा, लोकांनी आपल्याशी मुलगा म्हणून वागावं असं वाटणं, आपल्या भावना मुलांसारख्याच आहेत अशी खात्री. अशा सहा गोष्टींपैकी किमान दोन, किमान सहा महिने टिकलेल्या, आणि त्यापायी शाळा, जेवण, माणसांत मिसळणं बिघडलेलं. पत्रावरून तुमच्या लेकरात यातलं काही दिसतंय. पत्रावरून निदान मात्र होत नाही, आणि मी ते करणारही नाही.

दुसरा प्रश्न तुम्ही शब्द बदलून तीनदा विचारलाय, म्हणजे झोप उडवणारा प्रश्न हाच. 'भाऊ' म्हणून वाढवलं म्हणून झालं का?

ताई, ज्या घरांत मुलगा नाही त्या घरांत एका मुलीला शर्ट-पॅन्ट घालून हौस करून घेणं आपल्याकडे नवं नाही. त्या मुली मोठ्या होऊन बाईच राहिल्या. कुणी ट्रॅक्टर चालवतात, कुणी पोलिसात गेल्या, कुणी तुमच्या-माझ्यासारख्या साड्या नेसून लग्नं जमवत बसल्यात. कपड्यानं आणि हाकेनं आतली जाणीव घडत असती तर असं झालं नसतं.

याची उलटी गोष्ट कॅनडात घडली. १९६५ साली जन्मलेल्या जुळ्या मुलांपैकी एकाच्या लिंगाला, तो काही महिन्यांचा असताना शस्त्रक्रियेत मोठी इजा झाली. जॉन मनी या त्या काळच्या नामांकित मानसशास्त्रज्ञाचं मत होतं की लहानपणी मुलगी म्हणून वाढवलं की मूल मुलगीच होईल. आईबापांनी ऐकलं. नाव बदललं, झगे घातले, पुढे हार्मोनही दिले. मूल मुलगी म्हणून कधी रमलं नाही. चौदाव्या वर्षी त्याला खरं सांगितलं आणि त्यानं लगेच मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली. डेव्हिड रायमर हे त्याचं नाव. मोठेपणी तो स्वतःच जाहीरपणे बोलला, म्हणून जगाला कळलं. २००४ साली त्यानं आयुष्य संपवलं. एका माणसाच्या गोष्टीवरून सगळे नियम काढता येत नाहीत, पण एवढे कपडे, एवढं नाव, एवढं डॉक्टरी पाठबळ असून जे बदललं नाही, ते तुमच्या एका 'भाऊ' हाकेनं बदललं असेल असं मला वाटत नाही.

मला तुमच्या पत्रात दुसरंच काही खटकलं, आणि ते बोलायलाच हवं. बारा वर्षं जे होतं ते पाळी आली तशी सगळं एकदम काढून घेतलंत. मैदान, सायकल, मित्र, केस, हाक, आजोबांच्या तोंडचा वाघसुद्धा. लेकराच्या बाजूनं बघा. त्यानं काही चूक केली नव्हती. शरीरातून रक्त आलं आणि घरातली सगळी माणसं बदलली. त्या शरीराचा त्याला राग येणार नाही तर कुणाचा येईल?

म्हणून 'मी मुलगी नाहीये' या वाक्यामागे आज एकाहून जास्त गोष्टी असू शकतात. त्याची आतली जाणीव खरोखरच मुलाची असेल. 'मुलगी म्हणजे जे हे सगळं लादताय, ते मला नको' असंही असेल. कधी मुलींबद्दल ओढ वाटते आणि तिला नाव माहीत नसतं. ती गोष्ट वेगळी आहे, आणि तोही आजार नाही. कधी वयात येताना कुणी नको तिथे हात लावलेला असतो आणि मूल त्या अंगाचाच तिरस्कार करू लागतं. हे ऐकायला जड आहे, पण हळुवारपणे शोधावंच लागतं. नैराश्य असतं. कधी मूल स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) छटेतलं असतं. अशा मुलांमध्ये लिंगओळखीचे प्रश्न इतरांपेक्षा जास्त आढळतात. आणि यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्रही असतात. नैराश्य सापडलं म्हणजे बाकीचं खोटं, असं समजू नका.

यावर मी सुचवते ते साधं आहे. जे काढून घेतलंत ते परत द्या. सायकल द्या, पटांगणावर जाऊ द्या, केस त्याच्या मनासारखे राहू द्या, पाळीत बाजूला बसवणं बंद करा (हे थोरलीचंही बंद करा, तिनं कुठलं पाप केलंय?). परीक्षा घ्यायची म्हणून नको, त्याच्या हक्काचं आहे म्हणून. पण वर्षभरात तुम्हाला आणि डॉक्टरांना काहीतरी दिसेल. दुखणं बंधनांचं असेल तर ते बरंच उतरेल. दुखणं शरीराचंच असेल तर सायकल मिळूनही पाळीच्या दिवसांत ताट तसंच राहील. दोन्ही बाबतीत लेकराचं नुकसान काही नाही. आज 'तू मुलगीच आहेस' असं बजावायची गरज नाही, आणि गावाला बोलावून 'आजपासून हा मुलगा' असं जाहीर करायचीही नाही.

मोबाइलचं वडिलांना सांगा. २०१८ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता की वयात आलेल्या मुली इंटरनेट आणि मैत्रिणींच्या नादानं अचानक असं म्हणू लागतात. त्यात प्रश्न पालकांना विचारले होते, मुलांना एकही नाही, आणि ज्या वेबसाइटवरून पालक गाठले तिथे आधीच काळजीत पडलेले लोक जमायचे. पुढच्या वर्षी त्या नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. तरीही वडिलांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गेल्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या दवाखान्यांत जन्मानं मुली असलेल्या किशोरवयीनांची संख्या खूप वाढली आणि त्याच्या कारणांवर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण मोबाइल काढून घेतल्यानं तुमच्या घरात काय झालं? बोलायला उरलेली एक खिडकीही मिटली. रोजचा ठरावीक वेळ ठरवून तो परत द्या, आणि ते कुणाशी बोलतं, काय बघतं हे शेजारी बसून विचारा. अनोळखी मोठ्या माणसाशी बोलणं आणि ऑनलाइन हार्मोन मागवणं, या दोन गोष्टींना मात्र ठाम नाही.

वय गेलं की जाईल का? खरं सांगते, कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून जपून राहा. जुन्या अभ्यासांत दिसलं होतं की बालपणी दवाखान्यात आणलेल्या बहुतेक मुलांची ही भावना मोठेपणी टिकली नाही. पण त्यांत मघाच्या सैल निकषांतली, नुसतं झाडावर चढणारी मुलंही होती. उलट २०२२ मध्ये अमेरिकेत ३१७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना घरच्यांनी आधीच त्यांच्या म्हणण्याप्रमाणे राहू दिलं होतं, आणि सरासरी पाच वर्षांनी त्यांतली ९४ टक्के त्याच ओळखीनं जगत होती. पण ती मुलं तशी राहू लागली ती आधीपासून ठाम होती म्हणून, का तसं राहू दिलं म्हणून ठाम राहिली, हे त्यातून सुटत नाही. शिवाय ही सगळी मुलं वयात येण्याआधीपासून तसं म्हणणारी. तुमचं लेकरू पाळी आल्यावर म्हणू लागलं. अनुभव एवढं सांगतो की वयात येताना त्रास कमी न होता वाढत गेला, तर ती जाणीव टिकण्याची शक्यता जास्त असते. म्हणून एक-दोन वर्षं नीट लक्ष ठेवून सोबत चालायचं.

टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर तुम्ही ऐकाल की परदेशात अशा मुलांना वयात येणं थांबवणारी औषधं देतात, कुणी म्हणेल ती बंद झाली. दोन्ही खरं आहे. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या समितीनं एप्रिल २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. या औषधांच्या फायद्याचे पुरावे कमकुवत आहेत, असं त्यात म्हटलंय, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं त्याच सुमारास ती सरसकट देणं थांबवलं. फिनलंड, स्वीडननंही हात आखडता घेतला. दुसरीकडे हार्मोनतज्ज्ञांच्या आणि पारलिंगी (जन्माच्या वेळी सांगितलेल्या लिंगाहून वेगळ्या ओळखीच्या) माणसांच्या आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संघटना पूर्ण तपासणी करून, निवडक मुलांना ती द्यावीत असं सांगतात. हा वाद औषध कुणाला, कधी द्यायचं याचा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. लेकराचं ऐकून घ्यावं, त्याला हिणवू नये, सोबत असलेलं नैराश्य बरं करावं, याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही. आणि तुमच्या मनात 'ऑपरेशन' हा शब्द येऊन गेला असेल, तर तो विषय १४ व्या वर्षी उघडायचं कारणच नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सुचवलेलं इंजेक्शन घेऊ नका. रिपोर्ट नॉर्मल आहेत, पाळी नियमित आहे, म्हणजे शरीरात बायकी हार्मोन पुरेसे आहेत. आतली जाणीव हार्मोन कमी पडल्यामुळे झालेली नसते, त्यामुळे वरून टोचून ती बदलत नाही. ज्या खुणांचा त्रास होतोय त्याच वाढतील. आणि कुणी 'समुपदेशन करून पुन्हा मुलगी बनवून देतो' म्हणालं, तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये अशा 'बदलून टाकणाऱ्या' उपचाराला डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही: हे 'बरं' करणारा डॉक्टर शोधू नका. लेकराचं ऐकणारा शोधा.

तो फार लांब नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे मानसोपचाराची ओपीडी विचारा. जाण्याआधी फोन करून किशोरवयीन मुलांना कोण पाहतं ते विचारून घ्या. पहिल्या भेटीत डॉक्टरांना दोनच गोष्टी सांगा: वहीतलं वाक्य, आणि 'ते स्वतःला मुलगा म्हणतं'. डॉक्टर लेकराशी एकट्यानं बोलतील, तेव्हा बाहेर बसा आणि बाहेर आल्यावर 'काय विचारलं, काय विचारलं' करू नका. चांगला डॉक्टर पहिल्याच भेटीत शिक्का मारणार नाही. झोप, भूक, शाळा, भीती, कुणी छळतंय का, हे विचारेल. कपडे काढून तपासायची गरज या कामाला नसते. नैराश्याची गोळी दिली तर ती नैराश्यासाठी आहे, तेवढंच समजा.

भगताचं काय? सासूबाईंशी भांडण करू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या. मारणं, कोंडणं, मिरचीची धुरी यातलं काही होणार असेल तर मात्र आडव्या पडा. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. कानबाईचा नवस तुम्ही बोललात, फेडा. फक्त 'तुझ्यासाठी नवस केलाय, आता तरी सुधार' हे लेकराला ऐकवू नका.

घरातल्या काही गोष्टी लगेच बदला. क्रेप बँडेज आजच काढून टाका. ते आवळत जातं, श्वास कोंडतो, बरगड्या दुखावतात. त्याऐवजी मापाची स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या, वर सैल शर्ट. जळगावला नाही तर ऑनलाइन मिळते. झोपताना आणि खेळताना काहीही घट्ट नको. पाळीच्या दिवसांत घरच्यांसमोर काही मागावं लागू नये म्हणून पॅड त्याच्या कपाटातच ठेवा. सणावाराला आपण बायका पाळी पुढे ढकलायच्या ज्या गोळ्या मेडिकलमधून आणतो, त्या त्याला स्वतःच्या मनानं देऊ नका. पाळीचा त्रास फारच असेल तर ती कमी किंवा बंद ठेवण्याचे उपाय आहेत, पण ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासूनच. आणि 'मी जातो' म्हणालं तर दुरुस्त करू नका. तुमच्या तोंडी 'तो' लगेच येणार नाही, नाही आलं तरी चालेल. 'लेकरा' म्हणा, 'बाळा' म्हणा.

शाळेत सगळ्यांना सांगत बसू नका. लेकराला विचारून एखाद्या भरवशाच्या मॅडम किंवा सर निवडा आणि तीनच गोष्टी मागा: गणवेशात पॅन्ट-शर्ट किंवा निदान सैल कुर्ता, कुणी नसताना स्वच्छतागृह वापरायची मुभा, आणि 'बायल्या', 'छक्का', 'हिजडा' असली चिडवाचिडवी दिसली की तिथेच थांबवणं. शाळा सुटली तर पुढचे सगळे रस्ते अरुंद होतात. नववीचं वर्ष हातचं जाऊ देऊ नका.

जेठांच्या लग्नाच्या बेताबद्दल मी कमी बोलते, कारण बोलायला लागले तर राग आवरणार नाही. लग्न हे औषध नाही. ज्याच्याशी लावाल त्या मुलाचं काय? त्याला सांगणार आहात का? दोन घरांच्या गळ्यात दोरी बांधून तुम्ही मोकळे होणार नाही, दोन वर्षांत पोर माहेरी परत येईल आणि तेव्हा वही तपासायला कुणी नसेल.

'पुढे टाळ्या वाजवत भीक मागत फिरेल का?' अशी भीतीही तुमच्या पत्रात आहे. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील ऐकल्यात का? पारलिंगी स्त्री. ग्रामपंचायतीला महिला जागेवर भरलेला त्यांचा अर्ज नाकारला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्यांना लढायची परवानगी दिली, आणि गावानं निवडून दिलं. त्यांची वाट तुमच्या लेकराच्या उलट दिशेची आहे, पण माणसं तीच, तुमची-आमची. टाळ्या वाजवायची वेळ बहुतेकांवर येते ती घरानं बाहेर काढल्यावर. तुमचं लेकरू अजून तुमच्या ताटात जेवतंय. कागदपत्रांवर नाव, लिंग बदलण्याचा विचार आत्ता करू नका. कायद्यात बदल होत असतात, वेळ आली तर तेव्हा वकिलाला विचारू.

राहिलं वैशाखातलं लग्न. करवली थोरलीला करा, तिला हौसही आहे. लेकराला नवा शर्ट-पॅन्ट शिवा, शक्य असेल तर आजोबांच्याच टेलरकडे, आणि त्याला काम द्या: वऱ्हाडाच्या गाड्यांची यादी, पाण्याच्या जारचा हिशोब, नवरदेवासोबत बसणं. काम असलेल्या मुलाकडे पाहुण्यांचं लक्ष कमी जातं. फोटोला उभं राहायचं नसेल तर ओढू नका. जेठांना आधीच एकांतात सांगून ठेवा, मांडवात वाद नको. आणि सासरे अजून मनानं त्याच्या बाजूचे आहेत असं तुमच्या पत्रावरून वाटतं. त्यांनाच सोबत घ्या. पाहुण्यांनी विचारलंच, 'हाई काय नवीन?' तर त्यांनी 'त्याले तेच आवडस' एवढं म्हटलं की खानदेशात म्हाताऱ्या माणसापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

धुळ्याला जाऊन आलात की मला पुन्हा लिहा. तारीख लग्नाच्या आधीची घ्या.